ईबुक काढताय की प्रकाशक शोधताय? आधी या चुका टाळा

लेखकांच्या फाइली ईबुकसाठी तयार करून देणं हे माझं रोजचं काम. त्याआधी माझा एक कथासंग्रह प्रकाशकाकडून निघाला होता, त्यामुळे दोन्ही वाटा चालून झाल्या आहेत. दोन्हीकडे तेच खड्डे, आणि माणसं घाईघाईत नेमकी त्यातच पाय घालतात.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो फाइल बघून. एका लेखकाची ३०० पानांची कादंबरी आली. वर्डमध्ये देखणी दिसत होती. प्रत्येक परिच्छेदाआधी पाच वेळा स्पेसबार मारलेला, नवं प्रकरण नव्या पानावर जावं म्हणून एंटर दाबत दाबत खाली आणलेलं, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी हाताने टाइप केलेला आकडा. माझ्याकडे येण्याआधी त्यांनी ती तशीच विक्रीला चढवलीही होती. फोनवर उघडली तर ऐन भांडणाच्या प्रसंगात, वाक्याच्या मधोमध ‘११७’ उभा. पुढे दोन कोरे पडदे, मग उरलेलं वाक्य. पहिल्याच वाचकाने पुस्तक अर्धवट आहे असं लिहून एक तारा दिला. पुस्तक पूर्ण होतं, चांगलंही होतं. फाइल मी दुरुस्त करून दिली, पण तो अभिप्राय अजून तिथेच आहे.

साध्या ईबुकला ठरलेलं पान नसतं. वाचक अक्षर मोठं करतो आणि सगळा मजकूर नव्याने बसतो. म्हणून मी आधी तिरपी अक्षरं कुठे आहेत त्याची खूण करून ठेवते, मग अख्खा मजकूर नोटपॅडमध्ये ओतते, म्हणजे जुनी सजावट निघून जाते. हाताने मारलेल्या स्पेस, एंटर आणि आकडे मात्र तसेच राहतात, ते शोधून पुसते. मग पुन्हा वर्डमध्ये आणून प्रकरणांना हेडिंग स्टाइल, परिच्छेदाची जागा सेटिंगमधून, नवीन प्रकरणाला पेज ब्रेक. हेडिंग नीट दिली की अनुक्रमणिका त्यांवरूनच तयार होते. शेवटी फोनवर अक्षर सर्वांत मोठं करून तीन प्रकरणं वाचते. एका क्लिकमध्ये ईपब, म्हणजे ईबुकची फाइल, बनवून देणारी साधनं मी वापरत नाही. ती आतला कचरा जसाच्या तसा पुढे ढकलतात.

मुखपृष्ठ नखाएवढं करून बघा. नाव वाचता आलं नाही तर बदला.

आपण लिहिलेलं आपणच तपासू नका. डोळा चुकीचं अक्षरही बरोबर वाचतो.

दुसरी चूक माझी स्वतःची, आणि तिची किंमत मी अनेक वर्षं मोजली. कथासंग्रहाच्या करारात दोन ओळी होत्या: ‘सर्व सध्याच्या व भविष्यातील स्वरूपांतील हक्क’ आणि ‘पुस्तक उपलब्ध असेपर्यंत’. पुस्तक निघतंय या आनंदात मी सही केली. आवृत्ती संपली. प्रकाशकाने ईबुक काढलं नाही आणि मलाही काढता येईना, कारण तो हक्क मी देऊन बसले होते. हक्क परत मागितले तेव्हा उत्तर आलं, मागणी आली तर प्रती छापून देऊ, म्हणजे पुस्तक उपलब्धच आहे. आता करार कुणीही दाखवला तरी मी आधी हक्क परत येण्याचं कलम शोधते. ‘उपलब्ध’ म्हणजे काय ते आकड्यात हवं: वर्षभरात अमुक प्रतींपेक्षा कमी खपल्या तर हक्क लेखकाकडे परत. ईबुक, ऑडिओ, अनुवाद या हक्कांच्या ओळी वेगवेगळ्या हव्यात. आणि छापण्यासाठी तुमच्याकडूनच पैसे मागणारा प्रकाशक असेल तर ती विकतची सेवा आहे. घ्यायची तर घ्या, पण निवड झाली असं समजू नका.

टक्केवारीला भुलणारेही खूप. केडीपी, म्हणजे लेखकाला स्वतःच ईबुक विक्रीला चढवता येणारी अॅमेझॉनची सेवा, तिथे किमतीच्या ७० टक्के मिळतात हे सगळ्यांना पाठ असतं. त्यासाठी अमेरिकेतली किंमत २.९९ ते ९.९९ डॉलरमध्ये लागते, नाहीतर ३५ टक्के, हे नवख्यांना ठाऊक नसतं. शिवाय ७० टक्क्यांच्या पर्यायात टक्केवारी काढण्याआधीच किमतीतून फाइलच्या आकाराप्रमाणे दर एमबीला १५ सेंट कापले जातात. चित्रांनी १० एमबी झालेलं पुस्तक २.९९ ला लावलंत, तर ७० टक्क्यांत साधारण १.०४ डॉलर हाती येतात आणि ३५ टक्क्यांत १.०५. चित्रं आधी हलकी करा, मग किंमत ठरवा.

नकार आला म्हणून त्याच रात्री रागाने ईबुक चढवू नका. एकदा बाजारात आलेलं पुस्तक बहुतेक प्रकाशक नवं म्हणून घेत नाहीत. मी नकारानंतर हस्तलिखित महिनाभर कपाटात ठेवते, मग एका परक्या वाचकाला देते.

केडीपी सिलेक्ट ही ईबुक फक्त अॅमेझॉनलाच देण्याची योजना, तिच्या चौकटीत खूण करण्याआधी नियम वाचा. ९० दिवस ईबुक दुसरीकडे कुठेही देता येत नाही, नमुना म्हणून पुस्तकाचा १० टक्के भाग सोडून. आपल्याच ब्लॉगवर सगळी प्रकरणं ठेवलेली असतील तर तीही काढावी लागतात. छापील प्रतीला हे बंधन नाही. मुदत आपोआप वाढते, म्हणून नोंदणीच्या दिवशीच मी कॅलेंडरमध्ये ८५व्या दिवसाची आठवण लावून ठेवते.