टीटी सायकल जोडताना आधी कोपर, मग करवत

माझी नवी टीटी सायकल, म्हणजे टाइम ट्रायलची, एकट्याने घड्याळाविरुद्ध मारायच्या शर्यतीची, चार खोक्यांतून आली. एकात फ्रेम आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), दोनांत चाकं, आणि चौथ्यात बाकीचं सगळं किडूकमिडूक. धाकटा भाऊ मदतीला आला होता. खोकी बघून म्हणाला, "ताई, रविवारपर्यंत उभी राहील की!" रविवारपर्यंत उभी राहिलीच. पण चालवण्याजोगी व्हायला आणखी सहा आठवडे लागले, आणि त्यातले चार निव्वळ माझ्या घाईने खाल्ले. हे लिहितेय ते त्या चार आठवड्यांसाठी.

त्याआधी आठ वर्षं मी साध्या रोड सायकलला वरून एअरोबार (कोपरं टेकवून पुढे धरायच्या नळ्या) लावून टाइम ट्रायल करत होते. तसं करणाऱ्या कुणालाही माझा पहिला सल्ला हाच, की फ्रेम मागवायच्या आधी जुन्या सायकलवरच बसण्याची पोझिशन शोधा. कारण साधा हिशेब आहे. सपाट रस्त्यावर ताशी ४० किमीने जाताना बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते, आणि त्या हवेला अडवणारी मुख्य वस्तू सायकल नसून आपण असतो. ढोबळमानाने चारातले तीन वाटे शरीराचे. हे मोजायला सीडीए हा आकडा वापरतात: समोरून दिसणारं आपलं क्षेत्रफळ, गुणिले तो आकार हवेला किती अडतो ते. सीडीए ०.३० असेल तर ताशी ४० ला फक्त हवेसाठी साधारण २४७ वॅट लागतात. तोच ०.२५ वर आणला तर २०६. मधले ४१ वॅट पायांत वाढवायला मला किती वर्षं लागतील ते माहीत नाही. या वयात बहुधा वाढणारच नाहीत. कोपरं जवळ घेऊन आणि डोकं खांद्यांत ओढून मात्र त्यातले बरेचसे मिळाले.

स्कॉटिश सायकलपटू ग्रॅम ओब्रीने १९९३ साली नॉर्वेत स्वतः बनवलेल्या सायकलवर तासाभरात ५१.५९६ किमी कापले. हात छातीखाली दुमडून तो ज्या तऱ्हेने बसायचा, ती तऱ्हा पुढच्याच वर्षी नियमाने बंद केली गेली. सायकल राहू दिली असती एकवेळ, बसणं नाही. त्यावरून काय ते समजा.

बसायचं कसं

जुनी सायकल ट्रेनरवर, म्हणजे घरात जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, चढवा. पाणसळ लावून ती आडवी समतल आहे ना बघा, नाहीतर पुढची सगळी मापं खोटी. मग सीटच्या टोकाशी ओळंबा धरा आणि तो क्रँकच्या मध्यापासून, म्हणजे पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात तिथून, किती मागे पडतो ते लिहून ठेवा. टीटीत सीट पुढे आणि किंचित वर जाते. क्रँकच्या मध्याभोवती अख्खं शरीर पुढच्या बाजूला फिरवल्यासारखं. नुसतं पुढे वाकलात तर मांडी पोटात घुसते, श्वास अडतो आणि पेडल वर येताना गुडघा बाहेर फेकला जातो. माझी उंची १६३ सेंमी, आणि १७० मिमीच्या क्रँकवर मला नेमका हाच त्रास होता. १६० चे लावले, तेव्हा वरच्या टोकाला मांडीला जागा मिळाली. क्रँक आखूड केली की पाय खालीही कमी पोचतो, म्हणून सीट तेवढीच वर न्यायला विसरू नका.

सीट आखूड नाकाची किंवा पुढे दोन फाळ्यांची घ्या, टोक एक-दोन अंश खाली. यात लाजून चालत नाही. बसल्यावर बधिरपणा येत असेल तर ती सीट तुमची नाही, ती कितीही महाग असो.

आता व्हिडिओ. भाऊ बाजूला मोबाईल धरून बसला आणि मी पेडल मारायला लागताच शूट करायला लागला. मी म्हटलं, थांब, विसाव्या मिनिटाला काढ. पहिल्या मिनिटाला सगळेच जण पाठ सपाट करून छान दिसतात. विसाव्या मिनिटाला माझी मान वर आली होती, खांदे कानांपासून लांब गेले होते आणि मी सीटवर पुढे सरकून अगदी टोकावर बसले होते. पोझिशन म्हणजे ती, विसाव्या मिनिटाची. पुढचा भाग २० मिमी वर उचलला तेव्हा मान आपोआप खाली बसली. म्हणजे कोपराखालचे पॅड वर गेले आणि मी हवेला लहान झाले. हे ऐकायला उलटं वाटतं, पण बऱ्याच जणांचं असंच होतं.

जमलेल्या पोझिशनची दोन मापं घ्या: क्रँकच्या मध्यापासून कोपराचे पॅड किती वर आणि किती पुढे. फ्रेमचं माप या दोन आकड्यांवरून ठरवायचं, "तुमची उंची अमुक, म्हणून मीडियम" असं नाही.

जोडणी

क्रमाने सांगायचं तर तळाचे बेअरिंग, फोर्क, ब्रेकच्या नळ्या, पुढचं हँडल, क्रँक, चाकं, चेन. यातलं बरंचसं कुठल्याही सायकलसारखंच, म्हणून भरभर जाते. प्रेसफिट बेअरिंग हातोडीने ठोकू नका, प्रेसने सरळ बसवा; तिरपं बसलं की जन्मभर करकर. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं. कॅसेटची (मागच्या गिअरचक्रांची) लॉकरिंग ४० न्यूटन मीटरला आवळायची. कार्बनवरचे छोटे बोल्ट बहुधा ५ ला, पण भागावर जो आकडा छापलाय तोच खरा. सीटपोस्टला ग्रीस नव्हे, कार्बनची खरखरीत पेस्ट लावा, आणि किती जोराने आवळलं ते दाखवणारा टॉर्क पाना नसेल तर काम सुरूच करू नका. फोर्क बसवताना आधी वरच्या टोपीने बेअरिंगमधला ढिलेपणा काढा, मग स्टेमचे (हँडल फोर्कला जोडणाऱ्या भागाचे) बाजूचे बोल्ट आवळा. फोर्कच्या नळीला आतून आधार देणारा एक्स्पँडर स्टेम जिथे आवळला जातो तिथेच असायला हवा. वरखाली बसला तर कार्बनची पोकळ नळी चेपू शकते.

खरा वेळ खातात त्या ब्रेकच्या नळ्या. टीटी फ्रेममध्ये सगळं आतून जातं: लिव्हरपासून बेसबारच्या (ब्रेक असलेल्या आडव्या हँडलच्या) पोटातून, स्टेममधून, हेडसेटच्या म्हणजे फोर्क फिरतो त्या बेअरिंगमधून खाली. मी आधी बारीक वायर सोडली. तिच्या टोकाला लोहचुंबकाचा मणी होता आणि बाहेरून दुसरा चुंबक फिरवत तिला ओढायचं. बेसबारमध्ये एक वळण असं होतं, की मणी दर वेळी तिथे येऊन थबकायचा. बाहेरून चुंबक पुढे नेला की आतून "टिक" असा सुटल्याचा आवाज. पाऊण तास तेच. शेवटी भावाने बेसबार उभा धरून बोटाने टिचक्या मारल्या, तेव्हा वायर घसरत बाहेर आली.

त्या आनंदात मी घोळ केला. नळी मापाने कापली, गुळगुळीत कापली, टोकात पितळी काडी ठोकली आणि मग लक्षात आलं, की आवळायचा बोल्ट आणि ऑलिव्ह (सांधा बंद करणारी छोटी कडी) दोन्ही टेबलावरच आहेत. ते नळीवर आधी ओवायचे असतात. म्हणजे टोक पुन्हा कापा. सेंटिमीटरभर नळी गेली, आणि मी तर मोजून कापली होती. म्हणून बोल्ट, ऑलिव्ह, काडी, या क्रमाचा कागद समोर चिकटवा, आणि नळी हँडल पूर्ण वळवून मापा, वर दोन-तीन सेंटिमीटर जास्त ठेवा.

ब्रेकच्या तेलातली हवा काढताना बुडबुडे सगळ्यात उंच जागी जमतात, एवढं ध्यानात ठेवलं की पुरतं. टीटीचा लिव्हर पुढे आडवा असतो, म्हणून स्टँडवर सायकलचं तोंड वर करा, लिव्हर सर्वांत उंच येऊ द्या आणि नळीवर खालपासून वरपर्यंत टिचक्या मारा. तेल कुठलं ते भागावर बघून घ्या. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट हे दुसऱ्या जातीचं तेल घातलं तर आतली सील फुगून खराब होतात.

चाकांचं थोडक्यात. मागे डिस्क, म्हणजे आऱ्यांऐवजी भरीव चाक, पुढे ६० मिमी खोल रिमचं. डिस्कच्या भोकात साधा पंप शिरत नाही, काटकोनात वळलेली जोडणी लागते. ती शर्यतीच्या पिशवीत कायमची ठेवा. रिमची रुंदी टायरच्या रुंदीच्या निदान १०५ टक्के असावी असा जुना संकेत आहे, म्हणजे हवा टायरवरून रिमवर फाटाफूट न होता सरकते. लॅटेक्स ट्यूब पळायला सुरेख, पण रात्रीत हवा सोडते, तेव्हा सकाळी पंप हवाच. दगडासारखं फुगवू नका. माझं वजन ५८ किलो, टायर २८ मिमीचे. खडबडीत रस्त्यावर मी ६५ पीएसआयच्या वर जात नाही.

वजनाबद्दल कुणी विचारलं तर यूसीआयची (सायकलिंगच्या जागतिक संघटनेची) किमान मर्यादा ६.८ किलो आहे आणि माझी सायकल तिच्या आसपासही नाही. सपाट रस्त्यावर त्याने झोप उडू देऊ नका. त्याच नियमावलीत मोजे किती उंच असावेत तेही आहे: घोटा आणि गुडघा यांच्या मध्यापर्यंत. पट्टी घेऊन मोजतात.

करवत शेवटी

आता ते चार आठवडे. एक्स्टेंशन म्हणजे हात पुढे धरायच्या दोन नळ्या. त्या लांब येतात आणि आपल्या मापाने कापायच्या असतात. मी पहिल्याच संध्याकाळी ट्रेनरवर बसले, छान वाटलं, आणि दोन्हीतून ४० मिमी उडवले. रस्त्यावर दहा दिवसांत खांदे सैल झाले, कोपरं पॅडवर पुढे सरकली आणि पंजे नळीच्या टोकापलीकडे लोंबायला लागले. नव्या नळ्या मागवल्या, त्या यायला वेळ लागला, मग आतल्या वायरी पुन्हा ओवल्या.

तर निदान तीन आठवडे किंवा पाचशे किमी काहीही कापू नका. फोर्कची नळीही नाही. स्टेमच्या वर स्पेसर (जास्तीच्या नळीवरच्या कड्या) राहू देत, दिसायला वाईट दिसतं, दिसू दे. नंतर कापायची झाली, तर बारीक दातांचं पातं, कापायच्या जागी घट्ट चिकटपट्टी, वरून पाण्याचा थेंब आणि नाकावर मास्क. कार्बनची धूळ छातीत जाऊ द्यायची नाही. कडा बारीक पॉलिश पेपरने मोडा.

पंजे थोडे वर उचलून धरायची आता पद्धत आहे, म्हणजे हनुवटी आणि हात यांतली पोकळी बुजते. मला पंधरा अंशांचा चढ जमला. पॅड एकदम जवळ आणू नका. दर आठवड्याला एकेक सेंटिमीटर. पॅडची वाटी कोपरामागे थोडी वर वळलेली असेल तर हात घसरत नाहीत आणि खांद्यांना घट्ट धरून बसावं लागत नाही.

१९८९ च्या टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. २४.५ किमीची टीटी त्याने अशाच नळ्यांवर कोपरं टेकून मारली आणि अख्खी टूर ८ सेकंदांनी जिंकली. त्याच्या पुढे असलेला प्रतिस्पर्धी लोराँ फिन्यों बिनहेल्मेटचा, मागे पोनीटेल उडते आहे. मी ते फुटेज अजूनही शर्यतीच्या आदल्या रात्री बघते.

रस्त्यावर

पहिले दोन दिवस कोपरं टेकवूच नका. बेसबार धरून वळणं, थांबणं, उठून मारणं करा. एअरोबारवर ब्रेक हाताखाली नसतो, याची सवय व्हायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर एक हात खाली, परत वर, मग दुसरा. नजर न हलवता हे जमलं की टेकवा. घोळक्यात कधीही एअरोबारवर जायचं नाही, समोर एकच जण असला तरी. मीटर दोन नळ्यांच्या टोकाशी बसवा. तो गुडघ्यांकडे बसवला तर डोळे खाली जातात, आणि डोकं खाली घालून उभ्या गाडीवर आदळलेले लोक या खेळात खरोखर आहेत.

आडव्या वाऱ्यात सायकल ढकलली जाण्यापेक्षा झाडांची रांग संपते तिथला अचानक फटका जास्त घाबरवतो. पुढचं चाक वळू बघतं. घट्ट पकडलंत तर थरथर वाढते; कोपरांवर वजन द्या, हात सैल, आणि पाय फिरवत राहा.

बदल खरंच उपयोगी आहे का, ते मोजायला पॉवर मीटर आणि चाकावरचा वेगाचा सेन्सर हवा. वारा नसलेल्या पहाटे एकाच पट्ट्यावर जुनी पोझिशन, नवी, पुन्हा जुनी, असं करा. दोन्ही जुन्या फेऱ्यांचे आकडे जुळले नाहीत, तर मधल्या नव्या फेरीचा आकडा फेकून द्या. हेल्मेटचंही असंच. माझं लांब शेपटीचं हेल्मेट भावाला आवडायचं, आकड्यांना नाही.

जाऊन-येऊन शर्यतीत वाऱ्याचा हिशेब फसवा असतो. दहा किमी वाऱ्याविरुद्ध ताशी ३५ ने गेलात आणि परत ४५ ने आलात, तर वाटतं सरासरी ४०. वेळ मात्र ३० मिनिटं २९ सेकंद होते, सरासरी ३९.४. वाऱ्याविरुद्ध जास्त वेळ घालवावा लागतो, म्हणून तिथे थोडं जास्त मारायचं आणि परतताना थोडं सोडायचं. पहिली तीन मिनिटं हलकी वाटली पाहिजेत. माझ्या नव्या सायकलवरच्या पहिल्या २० किमीत ती अजिबात हलकी नव्हती. पाचव्या किमीला मांड्या भरल्या आणि वळणाच्या शंकूपाशी मी एवढी दमले होते, की बेसबारवर हात आणायला उशीर झाला आणि रुंद वळून पलीकडच्या गवतात गेले. शंकू दिसला की आधी हात खाली, मग गिअर हलका, मग ब्रेक.

पहिल्या शंभर किमीनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, विशेषतः पॅडचे. आणि घाम. या पोझिशनमध्ये नाकावरून, हनुवटीवरून थेट हेडसेटवर आणि स्टेमच्या बोल्टवर ठिबकतो, ट्रेनरवर तर धारच. माझ्या जुन्या सायकलचा एक बोल्ट असाच गंजून आतच मोडला होता. फेरी झाली की ओल्या फडक्याने ते पुसा, मग कोरड्या, आणि पॅड सोडवून वाळत घाला.