पेला पंटीवर कसा घ्यावा

काचेचा पेला फुंकताना क्वचितच बिघडतो. बिघडतो तो फुंकायच्या नळीवरून पंटीवर, म्हणजे भरीव सळईवर घेताना.

भट्टीतली सोडा-चुन्याची काच ११०० अंश सेल्सियसच्या आसपास मधासारखी वाहते. नळीचं टोक आधी तापवा, गार लोखंडाला काच धरत नाही. गोळा घेतला की नळी फिरती ठेवा. हात थांबला की काच लोंबते आणि एक भिंत जाड राहते. लोखंडी पाट्यावर गोळा लाटा, फुंकर मारा, लगेच अंगठ्याने नळीचं तोंड दाबा. आत कोंडलेली हवा तापून फुगते आणि पहिला बुडबुडा आपोआप निघतो. तो जरा निवला की दुसरा थर घ्या, घाईत घेतला तर बुडबुडा आत मिटतो. आकार भिजवलेल्या लाकडी ठोकळ्याने किंवा ओल्या वर्तमानपत्राच्या घडीने द्या.

आता मान. जॅकच्या, म्हणजे मोठ्या चिमट्यासारख्या हत्याराच्या पात्यांना मधमाशीचं मेण लावून, नळीच्या टोकालगत काच गरम असतानाच आवळा. मान नळीच्या टोकाहून बारीक हवी. जाड राहिली तर तडा पेल्यात उतरतो.

पंटीवरची काच थोडीच घ्या, तिचं टोक पाट्यावर निमुळतं करा आणि लाली उतरू लागली की तळाच्या बरोबर मध्यावर टेकवा. फार गरम असेल तर ती तळाशी एकजीव होते आणि सोडवताना टवका काढते. गार असेल तर पेला खाली पडतो. मानेवर पाण्याचा थेंब सोडा आणि नळीवर हलकी टिचकी द्या. सुटलेलं तोंड भट्टीत थेट घालू नका, आधी क्षणभराच्या शेकाने ऊब द्या, मग उघडा.

शेवटी ॲनिलिंग भट्टी, म्हणजे काचेतला ताण जावा म्हणून ती हळूहळू निववणारी भट्टी: साधारण ४८० अंशांवर तासभर, मग रात्रभर हळूहळू थंड. नेमका आकडा काचेच्या जातीप्रमाणे बदलतो, उत्पादकाचा तक्ता पाहा. इथेच शैलीचा प्रश्न येतो. व्हेनिसने १२९१ मध्ये भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. तिथल्या कारागिरांची पातळ भिंत लवकर निवते. जाड तळाची घडण आवडत असेल, तर जाडी दुप्पट झाल्यावर निववण्याचा वेळ जवळपास चौपट धरा. आणि प्रसरणांक (तापल्यावर काच किती प्रसरते याचा आकडा) ९६ असलेल्या काचेत १०४ ची रंगीत काच मिसळू नका. तडा कधीकधी काही दिवसांनीही जातो.