लॉग फिरत होते, तरी डिस्क भरत होती

मस्जिद बंदर येथील एका घाऊक व्यापाऱ्याच्या कार्यालयात लिनक्स सर्व्हरवरून बिले निघेनाशी झाली, तेव्हा डिस्कवरील वापरलेली व मोकळी जागा सांगणाऱ्या 'डीएफ' या आज्ञेने डिस्क पूर्ण भरल्याचे दाखवले. मात्र फायलींचे आकार मोजणाऱ्या 'डीयू' या आज्ञेने केलेली सर्व फायलींची बेरीज त्याच्या निम्मीही होत नव्हती. अशी तफावत दिसली की हटवलेली, परंतु एखाद्या प्रोग्रामने अजून उघडी धरलेली फाइल आधी शोधावी. उघड्या फायलींची यादी देणाऱ्या 'एलएसओएफ'ला 'अधिक एल एक' हा केवळ हटवलेल्या उघड्या फायली दाखवणारा पर्याय देताच बिलिंगच्या प्रोग्रामसमोर जुनी लॉग (नोंदींची) फाइल आणि 'डिलीटेड' असा शेरा दिसला.

लॉग फायली वेळोवेळी बदलणारे लॉगरोटेट आपले काम चोख करत होते. ते जुन्या फाइलचे नाव बदलून नवी फाइल तयार करते. पण चालू प्रोग्राम नावाशी नव्हे, तर आयनोडशी, म्हणजे डिस्कवरील फाइलच्या मूळ नोंदीशी, बांधलेला असल्यामुळे जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहतो, आणि संकोचनानंतर, म्हणजे तिची लहान आकाराची प्रत बनवल्यावर, मूळ फाइल हटवली गेली तरी जागा मोकळी होत नाही. पाटी काढली तरी भाडेकरू खोलीतच, तसा हा प्रकार.

'कॉपीट्रंकेट', म्हणजे लॉगची नक्कल काढून मूळ फाइल तिथेच रिकामी करणे, हा सोपा मार्ग होता. मात्र नक्कल होणे आणि मूळ फाइल रिकामी होणे यांदरम्यान आलेल्या ओळी हरवू शकतात, आणि बिलांच्या नोंदींबाबत ते मला मान्य नव्हते. म्हणून लॉगरोटेटच्या मांडणीतील 'पोस्टरोटेट' या, फाइल बदलल्यावर चालणाऱ्या आज्ञांच्या विभागात प्रोग्रामला 'हप' सिग्नल पाठवणारी ओळ लिहिली, जो मिळताच तो लॉग नव्याने उघडतो, आणि संकोचन पुढच्या फेरीपर्यंत लांबवणारे 'डिलेकॉम्प्रेस'ही जोडले. लॉगरोटेटच्या 'वजा डी' पर्यायाने केवळ रंगीत तालीम होते, त्यामुळे 'वजा एफ'ने प्रत्यक्ष फेरी करवली. त्यानंतर 'डीएफ' आणि 'डीयू' यांचे आकडे जवळपास जुळले.