डिड्सबरी वेस्टमध्ये राहायला आलात? आधी मतदार यादीत नाव घाला

मँचेस्टरच्या आमच्या भागात बिऱ्हाड थाटणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला मी किराण्याच्या दुकानाचा पत्ता सांगण्याआधी हे सांगते. बहुतेकांना वाटतं, आपला पासपोर्ट भारतीय, इथलं मतदान आपलं नव्हे. तसं नाही. भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे व्हिसावर कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला इथे काउन्सिलसाठीही, म्हणजे इथल्या महापालिकेसाठीही, मत देता येतं आणि पार्लमेंटसाठीही. विद्यार्थ्यांनासुद्धा.

नोंदणी सरकारच्या वेबसाइटवर होते. पत्ता, जन्मतारीख आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर (कर आणि विम्यासाठी सरकार देतं तो क्रमांक) एवढंच लागतं. नंबर अजून आला नसला तरी अर्ज करा, फक्त ओळखीची कागदपत्रं मागतील. प्रत्येकाचा अर्ज वेगळा. नवऱ्याने भरला म्हणून बायकोचं नाव आपोआप चढत नाही, इथेच अनेक घरं चुकतात. मतदानाच्या 12 कामकाजाचे दिवस आधी मुदत संपते. यादीत नाव असलं की पुढे कर्ज घेतानाही उपयोग होतो.

शहरात 32 वॉर्ड आणि 96 नगरसेवक आहेत, म्हणजे आपल्या वॉर्डाचे तीन. सहसा एका वर्षी एकच जागा लढवली जाते, तीही मे महिन्यातल्या गुरुवारी. केंद्र सकाळी 7 ते रात्री 10 उघडं असतं, त्यामुळे हॉस्पिटलची शिफ्ट संपवूनही जाता येतं. मतदानाआधी घरी येणाऱ्या पोलिंग कार्डावर लिहिलेल्याच केंद्रावर जा. कार्ड घरी राहिलं तरी चालतं, पण फोटोचं ओळखपत्र नसेल तर मत देता येत नाही. भारतीय पासपोर्ट चालतो, आधार किंवा ऑफिसचं कार्ड नाही. आत बटण नाही, बोटाला शाई नाही. कागदी मतपत्रिका आणि पेन्सिल मिळते. काउन्सिलच्या मतपत्रिकेवर एकाच जागेची निवडणूक असेल तर एकाच नावासमोर फुली मारा. सही करू नका, स्वतःचं नाव लिहू नका.

एवढा खटाटोप कशासाठी? कचऱ्याचे निळे, तपकिरी, हिरवे डबे कधी रिकामे करायचे, बर्टन रोडवरच्या एखाद्या दुकानाला बांधकामाची परवानगी द्यायची का, हे सगळं काउन्सिल ठरवते. मारी लुईस गार्डन्स ही आपली बाग एका कुटुंबाने मुलीच्या आठवणीत शहराला दिली. तिचा एक तुकडा विकायचा घाट घातला गेला, तेव्हा रहिवाशांच्या विरोधामुळेच तो बेत बारगळला. तिथे संध्याकाळी मुलांना खेळवताना मला हे फार मोलाचं वाटतं.

म्हणून मत देऊन थांबू नका. फुटपाथ उखडला, रस्त्यावरचा दिवा गेला, तर आधी काउन्सिलकडे तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. काही हललं नाही, तर तिघांपैकी कुणाही नगरसेवकाला ईमेल करा. तुम्ही त्यांना मत दिलं नसलं तरी काम त्यांचंच आहे. इंग्रजी साधं असू द्या, क्रमांक आणि फोटो जोडा. आणि पोस्टकोड नक्की लिहा, तुम्ही त्यांच्याच वॉर्डातले आहात हे त्यावरून कळतं.