पिसं गाळणाऱ्या कोंबडीला काय खाऊ घालाल?

कोजागिरी उलटली की नागपूर भागातल्या परसबागेत, खुराड्याभोवती पिसांचा सडा पडू लागतो. काल-परवापर्यंत अंडी देणारी कोंबडी मानेवर उघडी पडते, शेपटी झडते आणि अंडी बंद होतात. मग घरात दोनच मतं निघतात: एक म्हणतो रोग आला, दुसरा म्हणतो म्हातारी झाली, कापा. बहुतेक वेळा दोघंही चुकतात.

कारण आहे दिवसाच्या लांबीत. जूनमध्ये नागपूरचा दिवस साडेतेरा तासांच्या जवळपास असतो, डिसेंबरात तो अकरा तासांच्याही खाली येतो. उजेड कमी होऊ लागला की वर्ष-दीड वर्षाच्या पुढची कोंबडी जुनी पिसं टाकते. आधी डोकं आणि मान, मग छाती-पाठ, पंख आणि शेवटी शेपूट, असा साधारण क्रम असतो. सगळं उरकायला दोन ते तीन महिने लागतात. यंदाच्या उन्हाळ्यात फुटलेल्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, सहसा यातून सुटतात.

कापायचीच असेल तर जरा निरखून ठरवा. ऑगस्टपासून थोडी-थोडी पिसं टाकत रेंगाळणारी कोंबडी सहसा कमी अंड्यांची निघते. उशिरा, पण एकदम भकाभक पिसं टाकून बोडकी होणारी दिसायला वाईट, पण ठेवण्याजोगी तीच.

खरा प्रश्न खाण्याचा आहे. पिसाचा 85 ते 90 टक्के भाग प्रथिनांचा असतो आणि आपल्याकडे परसातल्या कोंबडीला मिळते ती तांदळाची कणी, ज्वारी नाहीतर मका. यात प्रथिनं सात ते दहा टक्क्यांच्या आसपास. या काळात तिला 18 ते 20 टक्के लागतात. नेमकं याच वेळी घरात सोयाबीन आलेलं असतं आणि मूठभर कच्चेच दाणे टाकले जातात. तसं करू नका. कच्च्या सोयाबीनमधले घटक प्रथिनं पचू देत नाहीत. दाणे चांगले उकळून किंवा भाजून, भरडून द्या. सोयाबीनची पेंड मिळत असेल तर त्याहून सोपं. सरकीची पेंड मात्र गाईसाठीच राहू द्या, त्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य कोंबडीला सोसत नाही. सुकट द्यायची तर आधी भिजवून मीठ धुऊन काढा. विकतचं खाद्य देत असाल तर लेअर मॅशमध्ये (अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य) काही आठवडे निम्मं चिक मॅश (पिल्लांचं खाद्य) मिसळा, पण त्यात औषध घातलेलं आहे का ते पोत्यावर वाचून घ्या, कारण कळपातल्या बाकीच्या कोंबड्यांची अंडी आपणच खातो. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, जिला हवा ती खाईल.

नवी पिसं फुटताना निळसर काट्यांसारखी दिसतात. त्यांत रक्त असतं, हात लागला की दुखतं, म्हणून पोरांना कोंबडी धरू देऊ नका. नवी कोंबडी कळपात सोडणं, खुराडं हलवणं हेही पुढे ढकला. एखादीचा काटा तुटून रक्त आलं तर तिला लगेच वेगळी करा, लाल दिसलं की बाकीच्या तिथंच टोचत बसतात.

मात्र प्रत्येक टक्कल म्हणजे पीसगळ नव्हे. फक्त पाठ उघडी असेल तर ते पाठीवर चढणाऱ्या कोंबड्याचं काम. फक्त पोट उघडं असेल आणि ती घरट्यावरून उठत नसेल तर खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली आहे. गुदाजवळ पिसांच्या मुळाशी पांढरट गुठळ्या दिसल्या तर उवा. तुरा फिका पडला असेल तर रात्री बॅटरी घेऊन, कोंबड्या बसतात त्या दांड्याच्या फटी बघा, रक्त पिणारे लाल किडे दिवसा तिथं लपतात. फटींना चुना लावा, अंगणात कोरडी माती आणि राख ठेवा, कोंबड्या स्वतः लोळतात. खाणं सुटलं, मान वाकडी झाली, हगवण लागली किंवा एकामागून एक मरू लागल्या तर घरगुती उपाय सोडा. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठा. मेलेल्या कोंबड्या उघड्यावर फेकू नका.

डिसेंबर-जानेवारीत इथला पारा दहाच्या खाली जातो आणि पिसं अर्धवट असतात. खुराड्याच्या वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावा, वरची फट हवेसाठी मोकळी ठेवा, खाली कोरडं तणस टाका. गव्हाच्या कोंड्याचा कोमट लगदा सकाळी दिला तर चांगलाच.

थंडीत गावरान अंड्याला भाव असतो, म्हणून काही जण याच वेळी बल्ब लावून दिवस लांबवतात. पिसं पूर्ण येईपर्यंत थांबा. तुरा पुन्हा लाल झाला, अंग भरलं, की मग सूर्योदयाआधी दोन-तीन तास उजेड द्यायला हरकत नाही. पहिलं अंडं दिसलं की चिक मॅश बंद करून पुन्हा पूर्ण लेअर मॅशवर या.