मोठं व्यक्तिचित्र, एकेक थर

आत्याचं तैलचित्र ४ फूट बाय ५ फुटांच्या कॅनव्हासवर करायचं ठरवलं, तेव्हा माझा हिशेब सोपा होता: छोटं व्यक्तिचित्र जमतं, मग मोठ्याला फक्त रंग जास्त लागेल. रंग जास्त लागलाच. पण तीन महिन्यांनी हनुवटीखालच्या सावलीत बारीक भेगा दिसायला लागल्या, आणि महिन्याभरात त्या गळ्यापर्यंत उतरल्या.

चूक माझीच. सावलीचा खालचा थर मी आयव्हरी ब्लॅकमध्ये जवसाचं तेल सढळ हाताने ओतून दिला होता. तो वरून सुकल्यासारखा वाटताच त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेला बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, चढवला. काळा हा रेंगाळत सुकणारा रंग. अंबर त्यातल्या मँगनीजमुळे झटपट सुकतो. वरचं कवच कडक झालं आणि खालचा थर अजून हलतच होता, मग दुसरं काय होणार? तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं, आणि त्याला त्याचा वेळ लागतो. म्हणून आधी कमी तेलाचं, मग जास्त तेलाचं, हा क्रम मोडू नका. मी आता पहिल्या थराला फक्त टर्पेंटाइन वापरतो आणि तेल वरच्या थरांत थोडं थोडं वाढवत नेतो.

तेच चित्र नव्या कॅनव्हासवर पुन्हा घेतलं. या वेळी प्रत्येक थराला एकच काम द्यायचं ठरवलं. आकार, छायाप्रकाश आणि रंग हे तिन्ही एकदम सोडवायला बसलं की मोठ्या कॅनव्हासवर माणूस हरवतो. एका गालावरच सकाळ संपते.

सुरुवातीला पांढऱ्या कॅनव्हासवर अंबरचा पातळ हात फिरवून तो फडक्याने पुसून घेतला. पांढऱ्यावर कुठलीही छटा असते त्याहून गडद दिसते, मधल्या तपकिरीवर तसा घोळ होत नाही. मग चौकटी आखून चारकोलने रेखांकन. इथे एक फसवणूक सांगून ठेवतो. चेहरा कॅनव्हासच्या वरच्या भागात, माझी नजर खांद्यांच्या पातळीवर. मान वर करून काढताना कपाळ आखूड दिसतं, म्हणून हात ते नकळत लांबवतो. दहा फूट मागे गेलो तर आत्याचं कपाळ अर्ध्या चेहऱ्याएवढं! तेव्हापासून कॅनव्हास वर-खाली सरकवून जो भाग रंगवायचा तो डोळ्यांसमोर आणतो, आणि मागे जाऊन आरशात उलटं बघतो. डोकं प्रत्यक्षापेक्षा मोठं करायचा मोहही आवरा. जवळून भव्य वाटतं, लांबून मुखवटा दिसतो.

त्यानंतर अंडरपेंटिंग, म्हणजे अंबर आणि पांढरा एवढ्यावरच पूर्ण चित्र. या थराला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, दोन आठवडे तरी. नाकाची सावली कुठे संपते, खालच्या पापणीची कड किती उजळ, हे सगळं इथेच निकालात काढायचं. अंतिम चित्रात हवं त्यापेक्षा हे थोडं उजळच ठेवतो, कारण वरचा प्रत्येक ग्लेझ, म्हणजे तेलात पातळ केलेल्या रंगाचा पारदर्शक थर, चित्र गडद करतो. रेम्ब्रांटची व्यक्तिचित्रं जवळून पाहिलीत तर सावल्या पातळ आणि उजेडातला रंग जाड थापलेला दिसतो. सावली पातळ ठेवली की तिच्यात खोली राहते. माझी भेगाळलेली मान जाड होती, हे तेव्हा लक्षात आलं.

थर सुकला का, हे बोट लावून कळत नाही. कोपऱ्यातल्या जाड ठिपक्यात नख रोवून बघा. खूण उमटली तर अजून थांबा. त्या दिवसांत मी पार्श्वभूमी आणि साडीचे काठ उरकले, त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

आता गाल. राखाडी-तपकिरी, मेल्यासारखा. त्यावर अलिझरिन क्रिमसन हा गडद लाल आणि येलो ऑकर हा मातकट पिवळा तेलात इतकं पातळ कालवून लावलं की पॅलेटवर नुसता डाग दिसावा. मग कोरड्या ब्रशने पसरवलं आणि गालफडाच्या उंचवट्यावरून बोटाला गुंडाळलेल्या फडक्याने टिपून घेतलं. खालचा उजेड त्या रंगातून वर आला आणि गालात रक्त भरलं. हे रंग नुसते मिसळून मला कधीच जमलं नव्हतं. असे तीन ग्लेझ दिले, प्रत्येकाच्या मध्ये आठवडाभर सोडून. नंतर उजेडाच्या जागी घट्ट रंगाचे थोडेच फटकारे: कपाळ, नाकाचा शेंडा, ओठाची कड.

तेलाची ती फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं, आणि बोळा आपोआप पेटू शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा. शेवटच्या व्हार्निशसाठी मी वर्षभर थांबलो.

आत्याचा सावलीतला डावा कान अजून अंडरपेंटिंगचाच आहे. त्यावर एक ग्लेझ दिला, पुढे काही करावंसं वाटलं नाही. चित्र बघणाऱ्या कुणीही आजवर त्या कानाबद्दल विचारलेलं नाही.