दवाखान्यातली रखडपट्टी आणि खिशाची गळती: या चुका टाळा

अपॉइंटमेंट साडेदहाची आणि आत बोलावणं पावणेबाराला, हे इतकं अंगवळणी पडलंय की त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. त्या सव्वा तासात काही चुका अशा होतात की वाट बघणं आणखी लांबतं, आणि काही चुका खुर्चीत बसल्या बसल्या मोबाइलवर होतात, त्या पैशांच्या असतात. त्यात बिलाच्या काउंटरवर घाईत दिलेला होकार मिळवला, तर डॉक्टरांची फी हा त्या भेटीतला सगळ्यात किरकोळ खर्च ठरू शकतो.

उशीर नेमका कुठून येतो

समजा प्रत्येक पेशंटला १० मिनिटं नेमून दिली आहेत आणि प्रत्यक्षात सरासरी १२ लागतात. पहिला वेळेवर आत जातो. बाराव्याच्या आधी अकरा जण होऊन गेलेले असतात, म्हणजे तो २२ मिनिटं मागे. विसावा ३८ मिनिटं मागे. यात कुणी आळस केलेला नाही, कुणी रांगेत घुसलेलं नाही. मध्येच एखाद्याला अर्धा तास लागला की वरची २० मिनिटं त्याच्यामागच्या प्रत्येकाच्या वाट्याला येतात.

शिवाय ही वाट काही प्रमाणात मुद्दाम ठेवलेली असते. नॉर्मन बेली या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये बाह्यरुग्ण विभागांच्या रांगांचा अभ्यास करून एक साधा नियम सुचवला: सुरुवातीलाच दोघांना बोलवा, मग सरासरी तपासणीच्या अंतराने एकेकाला. पहिला आलाच नाही तर डॉक्टरांनी रिकामं बसू नये, हा हेतू. आजही वेळा लावताना डॉक्टरांचा वेळ वाया जाऊ नये याकडे आधी बघितलं जातं, तुमच्या वेळेकडे नंतर. तक्रार करून यात फरक पडत नाही. वेळ निवडताना पडतो.

म्हणून “अकराची द्या, मला सोयीची पडते” ही पहिली चूक. सत्रातली पहिली वेळ मागा. ती नसेल तर जेवणाच्या सुट्टीनंतरची पहिली, पण तिच्यात एक मेख आहे: सकाळचं सत्र फारच लांबलं तर सुट्टीच त्यात जाते आणि तुमची वेळही सरकते. पहिली वेळ घेतानाही विचारून घ्या की डॉक्टर दुसरीकडचा राउंड आटोपून येतात का. येत असतील तर पहिला नंबरही अडकतो.

दुसरी चूक चुकीच्या प्रश्नाची. निघण्याआधी फोन करून “डॉक्टर आहेत का?” विचारलं की उत्तर “हो, या” एवढंच येतं. त्याऐवजी विचारा: “डॉक्टर किती वाजता बसले आणि आत्ता कितवा नंबर आत गेला?” दहाला बसले, अकराला पाच जण होऊन सहावा आत गेला, तर एकाला १२ मिनिटं पडतात. तुमचा नंबर तेरावा असेल तर तुमच्याआधी अजून सात जण, म्हणजे ८४ मिनिटं. त्यातून पंधरा-वीस मिनिटं वजा करून पोहोचा, कारण मधले एक-दोन जण आलेच नाहीत तर नंबर उडी मारतो. आणि “साडेदहा” ही खरोखर वेळ आहे की फक्त नंबर लावायची सुरुवात, हेही विचारा. नंबर आल्याप्रमाणे मिळत असेल तर लवकर जाण्यात अर्थ आहे. वेळ ठरलेली असेल तर तासभर आधी जाऊन फक्त तासभर जास्त बसाल.

तिसरी चूक आपणच दुसऱ्यांसाठी करतो. वेळ घेताना “जरा दाखवायचंय” म्हणायचं आणि आतून निघताना दाराशी थांबून “डॉक्टर, हा गुडघापण बघता का” म्हणायचं. दोन तक्रारी असतील तर फोनवरच सांगा म्हणजे जादा वेळ राखून ठेवता येतो. नुसते रिपोर्ट दाखवायचे असतील तर तेही सांगा. पुष्कळ ठिकाणी ते काम फोनवर किंवा तपासण्यांच्या मधल्या वेळात उरकतं. चालू औषधांची नावं, डोस आणि दिवसातून किती वेळा घेता हे एका कागदावर लिहून न्या. “ती पांढरी गोळी” शोधण्यात प्रत्येक वेळी दोन मिनिटं जातात.

एक अपवाद मात्र पक्का ध्यानात ठेवा. छातीत दुखणं, श्वास लागणं, चेहऱ्याची किंवा हातापायाची एक बाजू अचानक लुळी पडणं, बोलणं अडखळणं, थांबत नसलेला रक्तस्राव यांपैकी काहीही असेल तर नंबरची वाट बघत बसू नका, काउंटरवर लगेच सांगा. घरी असाल तर अपॉइंटमेंट सोडा आणि थेट तातडीची सेवा गाठा.

खुर्चीत बसून होणाऱ्या चुका

वाट बघताना मोबाइल निघतोच, आणि पैशांची राहिलेली कामं तेव्हाच आठवतात. यातली काही कामं तिथे अजिबात करू नयेत. नवीन खातं जोडून पैसे पाठवणं हे त्यातलं पहिलं. खाते क्रमांकाचे नऊ आकडे टाकून झाले की नाव पुकारलं जातं, उरलेले घाईत टाकले जातात, पुष्टीचा चौकोन न वाचता दाबला जातो. चुकीच्या खात्यात गेलेले पैसे परत मिळवायला आठवडे लागू शकतात, आणि ते मिळतीलच असंही नाही. दुसरं म्हणजे दवाखान्याच्या मोफत वायफायवर बँकेत लॉगिन करणं. मोबाइलचा स्वतःचा डेटा वापरा. तिसरं, फोनवर कार्डाचा नंबर मोठ्याने सांगणं. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला तो ऐकायचा नसला तरी ऐकू जातो. ओटीपी तर कुणालाच सांगायचा नसतो.

विमा घ्यावा का, शेअर विकावा का, असले निर्णयही तिथे नकोत. रिपोर्टची धास्ती मनात असताना माणूस एक तर सगळं विकून टाकतो किंवा समोरचा सांगेल ते घेतो.

उलट, ज्यात पैसे हलत नाहीत ती कामं या वेळेत उत्तम होतात. गेल्या महिन्याचं कार्डाचं स्टेटमेंट आधीच डाउनलोड करून ठेवा आणि ओळ न् ओळ वाचा. शोधायचं काय? दर महिन्याला त्याच तारखेला जाणारी छोटी रक्कम. एकदा मोफत चाचणीसाठी चालू केलेलं आणि विसरलेलं सबस्क्रिप्शन तिथेच सापडतं. महिन्याला ३०० म्हणजे वर्षाला ३,६००. यादी करा, बंद करायचं काम घरी गेल्यावर.

एक गोष्ट वरवर क्षुल्लक वाटेल. रक्तदाब मोजण्याआधीची पाच मिनिटं फोन ठेवून द्या. पाठ टेकवून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, न बोलता बसा. आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी किंवा सिगारेट नको, लघवीला जाऊन या. कस्टमर केअरशी वाद घालून तडक आत गेलात तर आकडा वर येतो, आणि त्या एका आकड्यावरून पुढच्या तपासण्या लागू शकतात.

काउंटरवरचा “सोपा हप्ता”

दवाखान्यातल्या बिलाला हप्त्याची सोय मिळते तेव्हा लोक फक्त महिन्याचा आकडा ऐकतात. १२,००० चं बिल, १,१०० चे बारा हप्ते. एकूण १३,२००, म्हणजे १० टक्के व्याज, असं वाटतं. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता. पूर्ण १२,००० वर्षभर तुमच्याकडे नसतात. खरा दर वर्षाला १८ टक्क्यांच्या आसपास बसतो. वर प्रोसेसिंग फी असेल तर आणखी जास्त. म्हणून एवढंच विचारा: “आज पूर्ण भरले तर किती, आणि हप्त्यांनी सगळं मिळून किती?” बिनव्याजी योजनेतही रोख भरणाऱ्याला सूट मिळत असेल, तर ती सूट हेच तुमचं व्याज.

कार्डाने भरून “किमान देय रक्कम” तेवढी चुकती करणं ही याहून महागडी चूक. १०,००० बाकी, महिना ३ टक्के व्याज, किमान देय ५ टक्के असं धरा. तुम्ही ५०० भरता, त्यातले ३०० व्याजात जातात आणि मुद्दल फक्त २०० नी उतरतं. महिना ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६ नव्हे. चक्रवाढ धरली तर साडेबेचाळीसच्या वर. शिवाय बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत सहसा संपते, व्याज खरेदीच्या दिवसापासूनच चालू होतं. इथेही डॉक्टरांच्या रांगेचाच प्रकार: पहिल्या महिन्यातली तूट पुढच्या प्रत्येक महिन्याच्या डोक्यावर.

वेळापत्रक शंभर टक्के भरलेलं असलं की एका पेशंटने दिवस कोलमडतो, पगार शंभर टक्के वाटून दिलेला असला की एका बिलाने महिना. त्यावर साधारण सुचवला जाणारा उपाय म्हणजे तीन ते सहा महिन्यांचा अत्यावश्यक खर्च वेगळ्या, लगेच काढता येईल अशा खात्यात. एकदम जमत नसेल तर एका मोठ्या तपासणीपुरत्या रकमेपासून सुरुवात करा. आणि चष्मा, दात, विम्याचा वार्षिक हप्ता यांना “अचानक आलेला खर्च” म्हणणं सोडा. ते दरवर्षी येतात. वर्षाची बेरीज करून बाराने भागा आणि तेवढे पगाराच्या दुसऱ्या दिवशी बाजूला काढा. ऑटो-पेची तारीखही पगारानंतर दोन-तीन दिवसांचीच ठेवा. महिनाअखेरीस ठेवलेली वजावट खात्यात पैसे नाहीत म्हणून फसते आणि त्याचा दंड वेगळा.

कागद हातात असतानाच

बिल घेतल्यावर काउंटरपासून हलण्याआधी नाव, तारीख आणि प्रत्येक ओळ वाचा. एकच तपासणी दोनदा लागलेली, न झालेली तपासणी धरलेली, आगाऊ भरलेली रक्कम वजा न केलेली, या तीन गोष्टी आधी बघा. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते, आठवड्याने त्यासाठी चार फोन करावे लागतात. नुसत्या बेरजेची पावती मिळाली असेल तर तपशीलवार बिल मागून घ्या. विम्याच्या दाव्याला तेच लागतं, आणि औषधांच्या बिलासोबत डॉक्टरांची चिठ्ठीही. चिठ्ठीवरची तारीख बिलाच्या नंतरची असेल तर दावा अडकू शकतो.

मशीनमधून निघणारी गुळगुळीत पावती थर्मल कागदाची असते. उष्णतेने ती काळी पडते, नुसती ठेवली तरी अक्षरं पुसट होतात, प्लास्टिकच्या पाकिटात तर लवकरच. तिचा फोटो तिथेच काढा, चारही कोपरे दिसतील असा, आणि फाइलला तारीख आणि पेशंटचं नाव द्या.